कवितानं दिलेला खो

रविवार, संध्याकाळ

आज आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राजूरच्या गणपतीला गेलो, तर देवळाच्या पायरीवर भारताचा महिला खो-खो संघ! त्यांची बस दर्शनासाठी थांबली होती. टीव्हीवर घरातले सगळे डोळे लावून बघतो त्याच मुली, पेढे खात बसलेल्या. मी म्हणालो, लांबूनच बघू, उगीच त्रास नको. मला नेहमी असंच का वाटतं?

तोवर धाकटी कविता त्यांच्या मागं पोचली होती. तिला शब्दच फुटेना. शेवटी तिनं कर्णधाराच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली, "खो!" मी तर गारच पडलो. पण कर्णधार पेढ्याचा पुडा ठेवून ताडकन उठली आणि नारळाच्या दुकानापर्यंत खरोखर धावली. अख्खा संघ हसत सुटला.

"हात आन् आवाज बराबर संगंच आला," ती परत येऊन म्हणाली. "कुठं खेळतीस गं?"

कविता आईकडं बघत राहिली. बाहेरगावच्या खो-खो शिबिरासाठी तिची निवड झाली आहे, पण आई पाठवायला तयार नाही.

आईनंच विचारलं, "पोरी, तुझ्या आईनं तुला एकटीला सोडलं कसं?"

"कुठं सोडलं, मावशी! पहिल्या शिबिराला संगंच आल्ती. समद्यांच्या पोळ्या लाटल्या, मन भरलं, मंग गेली."

त्या खोची मला अजून लाज वाटते. आणि हसूही येतं.

परतताना रिक्षात गाव जवळ आल्यावर आई म्हणाली, "कविते, तिथं पोळपाट असंल का आपलं न्यावं लागंल?"