वेटिंग रूममधल्या खुर्च्यांचा समाजावर परिणाम

३ जून, सकाळ
विद्यापीठाचं पत्र. प्रत्येकाने आपल्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला ते एका पानात लिहायचं. सोबत बाहेरच्या एका माणसाचं तसं पत्र जोडायचं. ज्याचा परिणाम नाही, त्याची खोली क्रीडा विभागाला. मला कसली काळजी? दवाखान्यात खुर्च्या कशा मांडल्या की पेशंटची चिडचिड कमी होते, यावर नऊ वर्षं घालवलीत. एक पान पुरायचं नाही.

८ जून
आज लिहिणारच होतो. आधी टेबल आवरलं. बायकोने विचारलं, एवढं संशोधन, मग आपल्या हॉलमधल्या खुर्चीला ठेचकाळून माझा अंगठा का सुजतो? म्हटलं, घर हा वेगळा डेटा आहे.

१५ जून
परिणाम सापडला. वर्षभरात माझा पेपर ३१३ वेळा उघडला गेलाय. लेक म्हणाली, बाबा, कोणी वाचला का ते बघायला रोज तुम्हीच उघडता. म्हटलं, रविवारी नाही. तिने वर्षातून रविवार वजा केले. ३१३ उरले. हल्लीच्या मुलांना नको तिथे गणित येतं.

२१ जून
दवाखान्यात जाऊन आलो. खुर्च्या अगदी माझ्या आराखड्याप्रमाणे, अर्धगोलात. ऊर भरून आला. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, साहेब, मधोमध छत गळतं, बादलीला जागा नको का? थोडक्यात, सिद्धांत सिद्ध. डॉक्टरबाई पत्र द्यायला तयार झाल्या. म्हणाल्या, खरं तेच लिहीन. आणखी काय हवं?

२६ जून
डॉक्टरबाईंचं बंद पाकीट आलं. न उघडताच जोडलं. विश्वास म्हणून काही असतो. खोलीसाठी पडदे बघितले. निळे बरे वाटतात.

४ जुलै
समितीपुढे बोलावलं. विभागप्रमुखांनी पत्र मोठ्याने वाचलं. सर नऊ वर्षं आठवड्यातून दोनदा वही घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसत. पेशंटना वाटे, हे पहिल्या नंबरचे, आणि आत काही जात नाहीत. त्यावरून दर वेळी भांडणं. मार्चमध्ये संशोधन संपलं, सर यायचे थांबले, आणि तक्रारी निम्म्यावर आल्या.
समिती म्हणाली, इतका थेट, मोजता येणारा परिणाम दुसऱ्या कोणाचाच नाही. तो टिकावा म्हणून मी हे संशोधन पुन्हा सुरू करू नये, असा ठराव झाला. एकमताने. विभागात हा मान पहिल्यांदा मलाच.
संशोधन नाही म्हटल्यावर खोली कशाला, असंही ठरलं. दुपारी चावी देऊन आलो.