लाईट जाण्याची तालीम

ती. अक्का,

अंथुर्ण्याहून सोपानचा तुला आणि दाजींना नमस्कार. दाजींचा गुडघा आता वाकतो का, आणि बारामतीत उकाडा कितपत आहे ते कळव. फोन हाताशी असताना मी पत्र का लिहीत बसलो, असं तुला वाटेल. पण फोनवर माझं वाक्य निम्म्यावर आलं की पुढचं तू बोलतेस, आणि ही हकिकत सलग ऐकायची आहे. आमचा विशाल रोज गाडीवरून एमआयडीसीत कामाला येतोच, त्याच्या हाती पाठवतोय. (तो वाटेत थांबून वाचणार, हे धरून चाल.)

आई आजारातून घरी आली तेव्हा तू बजावलं होतंस, की ऑक्सिजनचं मशीन लाईटवर चालतं, तर लाईट गेल्यावर काय करायचं ते आधी ठरवून ठेव. मी ठेवलं. इन्व्हर्टर बसवला, दवाखान्यातून जादा सिलिंडर आणला, सूनबाईला म्हणजे राजलक्ष्मीला तो लावायला शिकवून घेतलं, आणि एवढ्यावर न थांबता तालीम घ्यायचं काढलं. कारखान्यात आगीची घेतात तशी. आमची मंडळी म्हणाली, लाईट आपल्या पायानं जातीच की रोज, तुमी कशाला घालवताय? पण सगळ्यांना कामं वाटून दिली होती, आता माघार घेणं बरं दिसेना. रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर मी मेन स्वीच पाडला.

इन्व्हर्टरनं एकदा हंबरल्यासारखा आवाज काढला आणि गप्प झाला. मागाहून कळलं की त्याच्यावर प्रत्येकानं आपलं काही ना काही जोडलं होतं. राजलक्ष्मीचा मिक्सर होता, विशालचा टीव्ही होता, आणि गोठ्यातला मोठा पंखाही होता. (तो मी जोडला होता. गाय नुकती व्यालेली, वासरू माश्यांनी बेजार. तू असतीस तरी जोडला असतास.) राजलक्ष्मीनं न गडबडता आईला सिलिंडर लावला. मी म्हटलं, झाली तालीम, आणि मेन स्वीच वर केला. लाईट येईना. परत पाडला, परत वर केला. काही नाही. फ्यूज काढले, पुसले, बसवले. चांगली चाललेली लाईट मी हातानं घालवली, असंच मला वाटलं. नेमकी त्याच वेळी वरूनच लाईट गेली असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तेवढ्यात आई म्हणाली, "सोपाना, मला धाप लागलीया. रणजितच्यात सोलर हाय. मला तितं ने."

रणजितचं आणि माझं कसं आहे ते तुला ठाऊक आहे. कालव्याच्या चारीच्या पाण्यावरून वाजलं तेव्हापासून बांधाला बांध असून तोंडाला तोंड नाही. पण धाप म्हटल्यावर ते कुठलं आठवतंय! आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मंडळी, आणि सिलिंडर काखेत धरून राजलक्ष्मी, अशी आमची वरात उसाच्या कडेनं निघाली. वाटेत सगळी घरं दाराबाहेर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती. तेव्हा मला उमजलं की लाईट माझ्या एकट्याची गेलेली नाही. खरं सांगतो, त्या काळजीतही जरा बरं वाटलं.

रणजित अंगणात होता. पुढं होऊन त्यानं मंडळीच्या हातातून खुर्ची घेतली. आईला आत टेकवल्यावर राजलक्ष्मीला फक्त मशीन कुठंय एवढं विचारलं आणि आणायला स्वतः पळाला. परत आला ते आमच्या इन्व्हर्टरची एकेक पिन उपसून, तो चालू करूनच. मशीन आईला लावलं आणि मग इतक्या दिवसांतलं पहिलं वाक्य माझ्याशी बोलला. "गाईला पंखा आन् आईला सिलिंडर व्हय रं?" त्यानं चहाचा कप पुढं केला, मी घेतला. आत त्याची आई, द्वारकाबाई, आणि आपली आई एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. आमच्या भांडणापायी दोघींचं जाणं-येणं तुटलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

बाकी सगळं ठीक. दाजींना जपायला सांग.

तुझा,
सोपान

ता. क. लिहायचं मुख्य कारण राहिलंच. घरी लाईट आली, इन्व्हर्टर नीट आहे, पंखा काढला, तरी आई परत यायला तयार नाही. सारखी धाप लागेल म्हणते. आमच्यानं ती हलत नाही. तू येऊन समजाव.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, समदं बरोबर लिवलंस, फकस्त मला धाप न्हवती लागली. मी म्हटलं, मग द्वारकाबाईला भेटायचंय असं सरळ का नाही सांगितलंस? "सांगितलं असतं तर नेलं असतंस व्हय?" तर तू समजवायला येऊ नकोस. नुसती ये. सरळ रणजितच्याच घरी ये, आम्ही सगळे तिथंच असतो.