युरेनियम, नवी चूल आणि रघुनाथदादा

सौंसर, दिवाळीनंतर, १९५७

तीर्थरूप मामांच्या चरणी मोरेश्वरचा साष्टांग दंडवत. आपला खोकला आणि मामींचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. (नागपूर निराळ्या राज्यात गेल्यापासून पाकिटावर 'मुंबई राज्य' लिहिताना हात अडखळतो.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे नाही.

परवा वाचनालयात माझं अणुशक्तीवर व्याख्यान झालं. फळ्यावर लिहिलं : युरेनियमच्या केंद्रातला एकेक कण ७.६ इतक्या ऊर्जेने बांधलेला. केंद्र फुटलं की तुकड्यांतला कण ८.५ ने. फरक ०.९, कण २३५, गुणाकार दोनशेच्या वर. तेवढे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट एका केंद्रातून बाहेर. मंडळी जांभया देऊ लागली. तेव्हा मला अवदसा आठवली आणि मी म्हणालो, समजा एक मोठं एकत्र कुटुंब आहे. दोन घरं केली की प्रत्येक घर जास्त घट्ट होतं, आणि घट्ट होताना आच बाहेर पडते. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून रघुनाथदादा उठून गेले. बाबांच्या मागे ज्यांनी स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं, ते आमचे दादा!

सकाळी पाहतो तो पडवीत दुसरी चूल मांडलेली. दादा म्हणाले, "तूच सांगून राहिला होता नं, फोडलं का घट्ट होते म्हणून? मंग घे." मी समजूत घालायला गेलो की केंद्र सहसा आपणहून फुटत नाही, बाहेरून एक कण आत शिरावा लागतो. दारात विजया उभी होती. (पांढुर्ण्याहून माझ्याशी लग्न होऊन या घरात बाहेरून सर्वांत शेवटी आलेली तीच.) आता तीही बोलत नाही.

बागेत गेलो. दादांनी वाटणीसाठी संत्र्यांच्या खोडांना गेरूच्या खुणा केल्या आहेत. लगडलेली सगळी झाडं माझी, वाळत चाललेली त्यांची. मामा, तिथे मला रडू आलं.

आपला भाचा,
मोरेश्वर

ता. क. खरं काम हे, की रविवारच्या मोटारीने या आणि दादांना सांगा, हलक्या केंद्रांचं गणित उलटं असतं. ती जुळली तरच शक्ती मिळते. घरात आम्ही माणसं चार, आम्ही कुठले युरेनियम! माझ्या गणितावर आता त्यांचा भरवसा नाही.

आणखी एक. नवी चूल वाळल्याशिवाय पेटवता येत नाही. खुद्द केसरवहिनी रोज सकाळी तिच्यावर पोतेरं फिरवतात आणि सांगतात, "ओलीच हाय जी अजून." माती कालवून द्यायला विजया असते. तेव्हा रविवार नाही जमला, तरी चालेल.