घरभरणीचा पाट

जठारपेठ, अकोला
ता. ८ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप मैनाबाईस,
धाकट्या भावाचा, पुंजारामचा, शिरसाष्टांग नमस्कार.

लोक अजून विचारतात, "पुंजारामभाऊ, घराला काय लागलं?" मी आकडा सांगतो. त्यांचे डोळे मोठे झाले की बरं वाटतं. तुला मात्र खरा हिशेब सांगतो. मळ्याचा वरचा तुकडा गेला, तुझ्या भावजयीच्या, सत्यवतीच्या, पाटल्या गेल्या, आणि त्या घराच्या घरभरणीपासून तुझं बोलणं गेलं. बाकी घर झकास आहे. तीन मजले, चार संडास-बाथरूम, वर सोलर. टोपलं घेऊन दारोदार पालक विकणाऱ्या माणसाच्या पोरानं बांधलेलं असं घर जठारपेठेत दुसरं दाखव.

इकडचं बरं चाललं आहे. दिवाळीला शेवंतीनं हात दिला. टमाट्यानं मार खाल्ला. थंडी पडली आहे. संभार-कोथिंबीर एवढी आली आहे की ढोरांना घालून राहिले लोक.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी तुझी सून स्पीकर लावते आणि मागे कुकरची शिट्टी वाजते, ती मला इथे ऐकू येते. म्हणून पत्र. तू चौथी शिकलेली, अक्षर मोठं काढतो. तुझा गोपाल उद्या माल घेऊन आला की त्याच्या हाती देतो, पण डिंक लावून. त्याला वाचू देऊ नकोस. वाचून झालं की चुलीत घाल.

गोपाल परवा माल घेऊन आला होता. म्हणाला, "मामा, मायच्या किडनीले सूज हाये म्हणते डॉक्टर. पाणी पे म्हणते, तं माय चूळ भरते अन् थुकते. मोझरीच्या आश्रमातल्या प्रार्थनेले जाणं सोडलं. कोणाच्या लग्नाले येत नाही. नुसती हट्टी झाली."

मी त्याला चहा पाजला आणि माल मोजून घेतला. तू पाणी का पीत नाहीस ते मला कळलेलं होतं.

बाई, हे भावानं बहिणीला लिहायचं नसतं. दोन कागद फाडून झाले. हा तिसरा.

सत्यवतीचं अंग बाहेर येतं. झालं लिहून.

मला वाटे कंबर दुखते तिची. ती तसंच सांगे. दिवाळीआधी भाजीच्या दुकानात कॅरेट उचलता उचलता खाली बसली ती उठेचना, तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टरिणीनं तपासलं. मी म्हटलं, "मॅडम, गर्भाची पिशवी काढून टाका, मोकळी करा. आमच्याकडे सगळ्याच बाया काढतात." ती म्हणाली, "काका, ज्या कामानं खाली आलं ते काम तसंच राहिलं तर माझे टाके किती दिवस धरतील? आधी शेजारच्या खोलीत जा."

शेजारच्या खोलीत वर्षाली मॅडम. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नाव लांब आहे, पण काम समजायला सोपं. आपल्या बाया दिवसभर जे उचलतात, वाकतात, बसतात, ते अंग न मोडता कसं करायचं ते शिकवते. दोघी पडद्याआड, मी बाहेर बाकावर. माझे कान तुला माहीत आहेत. कॅरेट फरशीवर टेकलं की आवाजावरून सांगतो, टमाटा कडक आहे की पिकला. तिथे तर नुसता पडदा होता.

"उचलताना श्वास धरता का?"
"धरल्याबिगर उचलते का ते?"
"भाजी निवडायला कशावर बसता?"
"कशावर म्हणजे? उकिडवी."
"दुकानात असताना लघवीला कुठे जाता?"

सत्यवती हसली. "जातच नाही. सकाळपासून पाणी पेत नाही, म्हणजे जा लागत नाही."

त्याच दुकानात मी तिच्या शेजारी बसतो, बाई. 'आमची मालकीण दिवसभर जागची हलत नाही' असं गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतो.

मग ती जे बोलली त्यासाठी हे पत्र. म्हणाली, "माह्या नणदेचं तं याच्याहून वाईट. आमच्या घरभरणीले होमाच्या पाटावर बसली होती, तिथंच झाली तिले. मीच पाट पुसला. पुंजाले सांगशील तं माह्यं मेलेलं तोंड पाहशील म्हणे. म्हणून कोणाले बोलली नाही मी."

माय नाही म्हणून मायच्या जागी तुला बसवलं होतं. आपल्यात मानाचं माणूस होम संपल्याशिवाय पाटावरून उठत नाही. तू उठलीस. ओटीचं लुगडं तिथेच टाकलंस, दाराशी गेलीस. मी विचारलं, "काहून उठली वं बाई?" तू म्हणालीस, "तुह्या धुरानं डोये चुरचुरले." मी भरल्या बैठकीत म्हटलं, "धुरानं नाही, भावाचं घर पाहून चुरचुरले म्हण!" सगळे हसले. तू न जेवता गेलीस. अमरावतीपर्यंत एसटीत उभी गेली असशील. सीटवर कशी बसणार होतीस?

हे ऐकलं तेव्हापासून मला एकच आठवून राहिलं आहे. गोपाल झाला तेव्हा तुझा सव्वा महिनाही झाला नव्हता. माहेरी होतीस. माय अंथरुणावर, दसऱ्याचा झेंडू तोडायला आलेला. टोपलं भरून तू खाली वाकायचीस, मी दुसऱ्या बाजूनं धरायचो आणि ओरडायचो, "श्वास धर बाई, हं, उचल!" आता मॅडम सत्यवतीला शिकवते: श्वास धरायचा नाही, सोडत सोडत उचलायचं. कॅरेट अर्धंच भरायचं. निवडायला उंच टेबल, बसायला स्टूल. पाणी घोट घोट, आणि लागो न लागो, वेळ झाली की उठून जायचं. खोकला आला की आधी खालचं आवळून धरायचं. आतून अंग धरून ठेवणारी रिंगही बसवली आहे. सगळं बरं झालं असं सांगून तुला फसवत नाही. एखाद्या दिवशी बसून रडते. पण पाणी पिते.

तुझं नाव न घेता मी मॅडमला विचारलं. ती म्हणाली, खाली आलेलं अंग कधी कधी लघवीची वाट अडवतं, लघवी आत तुंबते, किडनी सुजते. त्यात पाणी बंद केलं की आणखी खराब. डॉक्टरला हे सांगितलंच नाही तर तो वरवरची औषधं देत राहील. तू डॉक्टरला काय सांगितलंस? नुसता ताप येतो म्हणून? मी विचारलं, उशीर झाला असेल का? तिनं कागदावर नुसतं 'गुरुवार' लिहून दिलं. मी कान देऊन बसलो होतो, बाई. पेनाचा आवाज तेवढा ऐकू आला.

गुरुवारी सकाळी तुला अकोल्याला न्यायला गाडी घेऊन येतो. सत्यवती मागे तुझ्याजवळ बसेल. बडनेऱ्याला थांबू, मूर्तिजापूरला थांबू, तू म्हणशील तिथे रस्त्यात थांबू. सीट ओली झाली तर होऊ दे, धुऊन निघते. तपासणारी डॉक्टरीणच आहे, पुरुष कोणी नाही. गोपालला मी एवढंच सांगेन की रुसवा काढायला मामा घेऊन जातो आहे. तो रुसवा माझ्याच माथी राहू दे. फक्त दार उघड. शिव्या द्यायच्या तर गाडीत दे, रस्ता लांब आहे.

सत्यवतीनं ते लुगडं जपून ठेवलं आहे. घडी मोडलेली नाही.

तुझं टोपलं उचलून देणारा,
पुंजा

ता. क. मागच्या आठवड्यात वर्षाली मॅडम सत्यवतीच्या कामाची जागा पाहायला घरी आली होती. मी हौसेनं गच्चीपर्यंत सगळं दाखवलं. खाली उतरल्यावर बैठकीत, तुझा पाट होता तिथेच, उभी राहून तिनं विचारलं, "काका, काकू दिवसभर खाली असतात ना? मग खालचा संडास कुठे आहे?" खाली देवघर आहे, तिथे संडास नको, असं मीच मिस्त्रीला बजावलं होतं. तोच मिस्त्री आता शुक्रवारी येतो म्हणाला आहे. तुझी खाट बैठकीत टाकली आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चारही संडास वर आहेत. खाली एकही नाही.