गैरहजर होडीचे शून्य

मी, खाली सही करणारी, निवृत्त दंतवैद्य, विधवा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत शंका डोक्याची नसते, जिभेची असते." आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलाला. बैठकीचा जांभळा रंग त्यानेच निवडला होता. त्यापायी गिऱ्हाईक पळाले तर मला बोल लावू नये.

२. बँकेतली शिल्लक मुलगा आणि माझी धाकटी नणंद यांना निम्मी निम्मी. बांगड्या सुनेला. ती तोंडाने मागायची नाही, म्हणून लिहून ठेवते.

३. दवाखान्यातली हत्यारे दंतमहाविद्यालयाला द्यावीत. दाढा काढायचा मोठा चिमटा तेवढा सेलिंग क्लबच्या कार्यकारिणीला. त्यांच्या तोंडून एक वाक्य काढायचे राहिले आहे.

४. किनाऱ्यावरची होड्यांची शेड आणि तिच्यापुढचा उतार माझ्या मालकीचा आहे. क्लबच्या दारात खडक असल्यामुळे त्यांची प्रत्येक होडी माझ्याच उतारावरून पाण्यात जाते. ही मालमत्ता क्लबला फुकट मिळेल, अट एकच. क्लबच्या वरच्या मजल्यावर विजेत्यांचा फलक आहे. त्यावर ज्या मोसमापुढे आजच्या अध्यक्षांचे नाव आहे, तिथे माझ्या नणंदेचे लिहावे. माझे लिहू नये. आमच्या होडीचे सुकाणू तिच्या हातात होते. मी पुढचे शीड धरून ओरडत होते.

कारण असे. आमच्या खेळात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि मोसमाअखेर ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. जी होडी शर्यतीला येतच नाही, तिला शेवटच्या होडीपेक्षाही जास्त गुण देतात. त्या मोसमातल्या शेवटच्या शर्यतीला अध्यक्ष आले नाहीत. तेव्हाचे चिटणीस मुळात क्रिकेटचे. खेळला नाही म्हणजे शून्य, असे धरून त्यांनी अध्यक्षांपुढे भलेथोरले शून्य काढले, आणि घरी बसलेला माणूस आमच्या होडीला एका गुणाने मागे टाकून विजेता झाला!

मी त्याच संध्याकाळी विचारले, "अहो, जो आलाच नाही तो पहिल्याच्याही पुढे कसा?"

"डॉक्टरीणबाई," चिटणीस म्हणाले, "शून्याहून कमी मी काय देणार?"

नंतर नियम दाखवला, तर तक्रारीची मुदत उलटली होती. अध्यक्षांकडे गेले. "तक्ता चिटणिसांनी केला, मी कोण बोलणार?" या गृहस्थांचे तोंड मी आतून पाहिले आहे. अक्कलदाढ मीच काढली. ती फारशी मोठी नव्हती, हे तेव्हाच लक्षात यायला हवे होते.

चिटणीस आता हयात नाहीत. त्यांच्यावर राग नाही. चुकणे वेगळे आणि चूक वापरणे वेगळे, असे आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर छडी खाली न ठेवता सांगत.

माझ्या मृत्यूनंतरच्या मोसमातली पहिली शर्यत सुटण्याआधी दुरुस्ती झाली नाही, तर शेड आणि उतार मुलाला जाईल. त्याला तिथे हॉटेल काढायचे आहे. कार्यकारिणीने मग होड्या डोक्यावरून न्याव्यात.

५. आमची होडी नणंदेला. त्या मोसमानंतर ती क्लबचा जिना चढलेली नाही. चहा खालीच मागवते. "गुडघे गं, वहिनी," म्हणते. होडीत टुणकन उडी मारताना ते गुडघे कुठे जातात, हे मी कधी विचारले नाही. "विजेत्याचा कप काय चाटायचाय? जाऊ दे," असेही तीच म्हणते. मी जाऊ देणार नाही.

६. हे कलम सह्यांच्या वेळी घातले आहे. पहिला साक्षीदार म्हणून मी मुद्दाम अध्यक्षांना बोलावले. त्यांना स्वतःला यातून काही मिळत नाही, त्यामुळे ते चालतात, असे वकीलबाई म्हणाल्या. सगळे मोठ्याने वाचायला लावले. चौथ्या कलमाशी ते थांबले.

"एवढं मनात धरलंत, डॉक्टर?"

"तुम्ही भिंतीवर धरलंत. त्यापेक्षा बरं."

त्यांनी एकदा उताराकडे पाहिले आणि म्हणाले, "पेन द्या." काय लिहिले ते खाली आहे. माझ्या हयातीतच दुरुस्ती झाल्यास अट संपली. मात्र फलक खाली आणू नये. नणंदेने वर जाऊन पाहावा. गुडघ्यांची सबब ऐकून घेऊ नये.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला, क्लबचे अध्यक्ष: त्या दिवशी माझी होडी पाण्यात उतरलीच नव्हती. मला माहीत होते. मोसम डॉक्टरांच्या नणंदेचा. (सही)

साक्षीदार दुसरा, क्लबचा पेंटर: सही करणाऱ्या बाई माझ्यासमोर बसल्या होत्या. उद्या शर्यतीआधी वर जाऊन रंगवतो. (सही)

स्थळ: होड्यांची शेड.
दिनांक: नव्या मोसमाच्या पहिल्या शर्यतीचा आदला दिवस.