एका रात्रीचं कुलूप

३ नोव्हेंबर

दर अकरा महिन्यांनी करार संपला की अनुसयाबाई मागची खोली रिकामी करते, मी कुलूप लावते. दुसऱ्या दिवशी नवा करार, किल्ली परत. भाडेकरू कायमचा चिकटू नये म्हणून आमच्या ह्यांनी घातलेली पद्धत. हे गेले, पद्धत राहिली!

आज बाजारात भाजी विकून आली आणि मुकाट्याने भांडी-गाठोडं ओसरीवर मांडलं. माझ्याच ओट्यावर दोघींपुरती वांगी शिजवली. "एकच रात्र त हाय वो बाई!" — हसत होती.

मी ताट बाजूला सारलं. किशोरने परवाच नागपूरहून फोन केला होता. त्याला इथे दुकानांचे गाळे काढायचेत. "आई, ती आत असली त कोर्टाशिवाय काढता येत नाई. बाहेर निघाली का किल्ली देऊ नोको."

४ नोव्हेंबर

दिली नाही. "वकील आर्वीत नाई, करार उद्या करू," मी म्हणाले. सपशेल खोटं!

"सावकाश द्या," ती म्हणाली. वर माझी मेथी निवडून ठेवली. माय वो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६ नोव्हेंबर

अजून ओसरीवरच. थंडी पडलीय, खोकते. मी गोधडी नेऊन दिली — किल्ली नाही. काय पण दानशूर मी!

"बाई, माह्यं काई चुकलं काय?"

"नाई वो." न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

७ नोव्हेंबर

आजही किल्ली माझ्याच कमरेला.

८ नोव्हेंबर

किशोर आला. वाटलं, आता तोच तिला सांगेल, मी सुटले. तर तो माझ्याच खोलीत शिरला. भिंती ठोकून पाहिल्या.

"आई, समोरचं रंगवून घेऊ. तू कारंज्याले आचलताईकडे जाय. एकच रात्र! उद्या आणतो तुले."

बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. मीही अनुसयाबाईकडे बघत नव्हते. घर त्याच्या नावावर करून बसलेय मी — पोटचा म्हणून!

"सामान बांध, गाडी घेऊन येतो," म्हणत गेला.

८ नोव्हेंबर, दुपार

मागची खोली उघडली. अनुसयाबाईचं गाठोडं मीच आत नेलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. माफी मागितली. ती किल्ली घेऊन आत गेली.

किशोर अंगणात हॉर्न वाजवून राह्यला.

मागे तिच्या दाराची कडी वाजली. मग मी माझी आतून लावली.