दोघांपुरता तंबू

ता. ६ सप्टेंबर

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद. पत्र नीट वाचा, नेहमीसारखं पेशंटच्या तोंडात हात असताना नको.

तुमच्या दादांनी पुढच्या खोलीत तंबू ठोकला आहे. एक दोरी दाराच्या कडीला, दुसरी माझ्या शिलाई मशीनला. दार उघडत नाही, त्यामुळे शेजारणीला काल साखर खिडकीतून दिली. ज्या माणसाने जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांचं चालणं वाचवलं, तो आता पाठीवर जुन्या मासिकांचं ओझं घेऊन इमारतीचे जिने चढतो. सराव म्हणे! सामान हलकं हवं म्हणून कंगवा अर्धा कापला. मुळात केस उरलेत कानांपुरते. पायमोजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून झाले. त्याच काट्यावर मी पीठ मोजते.

पानं पिवळी पडली की डोंगरातली ती लांबलचक वाट आठवडाभर तुडवायची, रात्री कुडकुडायचं आणि घरी येऊन मजा आली म्हणायचं. ही यांची हौस. उतरताना गुडघा कटकट वाजतो, तो मला ऐकू येतो, यांना नाही. तुम्ही बरोबर जाणार म्हणून मी गप्प आहे. रजा घेतलीत ना, ते उलटटपाली कळवा.

दातदुखीवाल्यांना देऊन उरला तर थोडा लोभ इकडेही असू द्या.

तुमची वहिनी

ता. १७ सप्टेंबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचताना हसून हसून हातातली पकड खाली पडली. कंगव्याची गोष्ट मी खुर्चीतल्या पेशंटलाही सांगितली.

खरं सांगू? मला हे खूळ पहिल्यापासूनच पटलं नव्हतं. भिडेखातर हो म्हटलं होतं. या वयात दगडावर पाठ टेकायची आणि झुडपामागे जायचं, कुणी सांगितलंय? रविवारी दादाचा फोन आला तेव्हा आयतीच सोय झाली. तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं, कंगव्यापासून गुडघ्यापर्यंत. म्हटलं, घरातूनच असा शेरा आहे, मी वेगळं काय बोलणार? तो नुसतं बरं म्हणाला आणि फोन ठेवला. रागावलेला वाटला नाही.

तेव्हा मी जात नाही आणि आता तोही जाणार नाही. तुमची खोली मोकळी झाली, माझे आभार माना. त्याच आठवड्यात दोघं इकडे या. गरम पाणी आहे, मऊ गाद्या आहेत.

लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढला तर हरकत नाही.

तुमचा धाकटा दीर

ता. २४ सप्टेंबर

भाऊजी,
या खेपेला आशीर्वाद शिल्लक नाहीत, एवढ्या मायन्यावरच भागवा.

खोली मोकळी झाली. मी चष्म्याच्या दुकानातलं काम आटपून घरी आले, तर तंबू घडी होऊन माळ्यावर गेलेला आणि हे सोफ्यावर बसून भिंतीकडे बघत होते. काटा घासूनपुसून ठेवला होता. जेवताना एवढंच म्हणाले, की छान लिहितेस तू, ऐकताना हसू आलं.

लोकांचे दात काढणं हा तुमचा धंदा. पण माझ्या नवऱ्याकडे बघून दात काढायचा हक्क माझा एकटीचा, तो मी बत्तीस वर्षं संसार करून मिळवलाय. तुम्हाला कुणी दिला? दिवसभर दुसऱ्यांना आ करायला सांगता. स्वतःला नको म्हणायची वेळ आली तेव्हा तुमचं तोंड उघडलं नाही, माझ्या पाठीमागे लपलात! शरम वाटू द्या थोडी.

गरम पाणी आणि गाद्या तुम्हालाच लखलाभ. आता येतो म्हणालात तरी येऊ नका. तंबू दोघांपुरता आहे आणि दुसरी मी आहे. दुकानातून रजा काढली. बूट घेतले, चावतात. हे कामावर गेल्यावर जिने चढून पाहिले. चौथ्या मजल्यावर जीव तोंडाशी आला आणि लिफ्टने खाली आले. यांना अजून यातलं काही माहीत नाही. रोज सांगायला जाते आणि तोंडातून टोमणाच बाहेर पडतो.

म्हणून एक काम करा. रविवारी तुम्ही फोन करा आणि हेही पत्र यांना वाचून दाखवा, तुमची शोभा झालीय ती धरून, एक ओळही न गाळता. शेवटी हे वाचा, की तो वाजणारा गुडघा घेऊन यांना मी एकटं जाऊ देणार नाही, आणि नुसत्या गुडघ्यासाठी नाही, मला यांच्याबरोबर जायचंय. तोंडावर हे मला सांगता येत नाही.

सावकाश वाचा. मी यांच्या शेजारीच बसलेली असेन.

वहिनी